भांगाची दुपार, उधाणाची संध्याकाळ : समुद्री शेंबीच्या एका प्रकल्पाची हकीगत

"मीठ टाकलं की मरती ती शेंबी. आणि तुमची ही मिठातच ऱ्हाती व्हय?"

वाळवा तालुक्यातल्या एका ऊसकऱ्याच्या घरी सोप्यात बसलो होतो, तेव्हा त्यांनी हे विचारलं. त्यांची मुलगी आमच्याकडे सांगलीत एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने प्रकल्पासाठी समुद्री शेंब्या निवडल्या होत्या आणि कोकणाच्या खेपांना घरून परवानगी मिळावी म्हणून मला बोलावून घेतलं होतं. पावसाळ्यात परसातली मिरचीची रोपं रात्रीत फस्त करणारी शेंबी त्यांना चांगली ठाऊक होती. तिच्यावर मीठ भुरभुरलं की अंगातलं पाणी सुटून ती विरघळल्यासारखी होते, हेही त्यांनी शंभरदा पाहिलेलं. म्हणून प्रश्न रास्त होता. समुद्री शेंबीच्या अंगातली खारटाई बाहेरच्या पाण्याइतकीच असते, त्यामुळे तिचं पाणी ओढलं जात नाही. उलट गोड्या पाण्यात टाकली तर ती फुगून मरेल, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या हिरीत नको टाकायला." परवानगी मिळाली.

खरं तर मीच तिला दोनदा म्हटलं होतं, की अगं, कृष्णेतले शिंपले घे, आयर्विन पुलाखाली उतरलं की काम सुरू. सांगलीला कृष्णेचा पूर येतो, समुद्र येत नाही. रत्नागिरी इथून कोल्हापूर आणि आंबा घाटामार्गे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पण बीएस्सीच्या सहलीत तिने कातळावरच्या एका डबक्यात बोटाच्या पेराएवढं नारिंगी जनावर पाहिलं होतं, ते तिच्या डोक्यातून जाईना.

या प्रकल्पात पुढे जी चूक झाली, ती निम्मी तिची आणि निम्मी माझी. किंबहुना माझी जास्त.

प्रश्न साधा होता. समुद्री शेंबी म्हणजे शंख टाकून दिलेली गोगलगाय. अळी असताना तिला इवलासा शंख असतो, मोठी होताना बहुतेकींचा तो गळतो. न्यूडिब्रँक या एका गटातच ३,००० च्या वर जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यातल्या कित्येक इतक्या भडक असतात की लग्नातल्या शालूंनी लाजावं. एकीला तर आपल्याच किनाऱ्याचं नाव आहे : १९४६ साली विंकवर्थने मुंबईहून वर्णन केलेली, आज जिला गोनिओब्रँकस बॉम्बेयानस म्हणतात ती. शंख नाही, नांगी नाही, पळायला पाय नाहीत, आणि वर असा रंग. का?

ही कोडी जुनी आहेत. डार्विनला असाच प्रश्न सुरवंटांबद्दल पडला होता. मोराचा पिसारा लांडोरीसाठी म्हणता येतो, पण सुरवंट तर जोडीच जमवत नाही, मग तो भडक कशासाठी? बेट्स या निसर्गअभ्यासकाने त्याला दुसऱ्या एका निसर्गअभ्यासकाला, वॉलेसला, विचारायला सांगितलं, आणि १८६७ साली वॉलेसने उत्तर दिलं : सुरवंट बेचव असेल तर त्याला लपण्यापेक्षा ठळक दिसणं फायद्याचं. पक्षी एकदा चोच मारून पस्तावला, की पुढच्या वेळी रंग ओळखून लांब राहतो. जेनर वियर याने पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना सुरवंट देऊन ते तपासलं आणि १८६९ मध्ये निकाल मांडला. अशा इशारारंगाला 'अपोसेमॅटिक' हे नाव पोल्टनने १८९० मध्ये दिलं. समुद्री शेंबीच्या बाबतीत तर डार्विनचा पहिला मार्ग आणखीच बंद आहे. शेंबी जोडी जमवते, पण तिला डोळे म्हणजे कातडीखालचे दोन काळे ठिपके. उजेड आणि अंधार कळतो, एवढंच. जोडीदाराच्या अंगावरची नक्षी तिला दिसायची नाही. ती वास घेत जाते, डोक्यावरच्या दोन शिंगांनी. म्हणजे रंग कुणासाठी असेल तर तो खाणाऱ्यासाठी.

आणि खाणाऱ्याला सांगण्यासारखं तिच्याकडे काहीतरी असतं. क्रोमोडोरिस वंशातल्या शेंब्या विषारी स्पंज (कातळाला चिकटून राहणारे समुद्री प्राणी) खातात आणि त्यातलं लॅट्रनक्युलिन ए नावाचं द्रव्य निवडून अंगाच्या कडेला साठवतात. मासा पहिला चावा जिथे घेईल, नेमका तिथेच साठा. दुसऱ्या एका गटातल्या शेंब्या समुद्रफुलांसारखे डंखणारे प्राणी खातात आणि त्यांचे न फुटलेले डंख पाठीवरच्या बोटांसारख्या फुगवट्यांच्या टोकात भरून ठेवतात. आयती काडतुसं.

हे सगळं वाचून झाल्यावर पोरगी एका रविवारी घरी गेली आणि तिने स्वतःचा जेनर वियर केला. बांधावरच्या रुईवर पिवळा-निळा रंगीत टोळ असतो, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. रुईचा चीक पचवून तो स्वतः विषारी होतो. त्याची अर्धी वाढलेली पिल्लं चिमटीत धरली तर पाठीतून चिकाची पिचकारी मारतात. तिने दोन टोळ आईच्या कोंबड्यांपुढे टाकले. एक तलंग धावत आली, उचलला, लगेच टाकला आणि चोच मातीत घासत बसली. पुन्हा पाहिला, मान तिरकी केली आणि निघून गेली. दुसरी म्हातारी कोंबडी तर जवळच आली नाही. "तिला आधीच माहिती असणार," आई म्हणाली. तिच्या वहीतलं हे पान मी अजून जपून ठेवलंय. पूर्ण प्रकल्पात प्रयोग म्हणावा असं तोवर तेवढंच होतं.

तर, रंग हा इशारा असेल तर तो वाचणारा हवा आणि वाचायला उजेड हवा. अंधारात लाल पाटी लावून काय उपयोग? म्हणून आमची अपेक्षा अशी : भडक शेंब्या दिवसा उघड्यावर असतील, आणि मळकट, कातळात मिसळून जाणाऱ्या शेंब्या रात्री बाहेर पडतील.

चार खेपा झाल्या. पहिली दिवाळीत. तिची आत्या रत्नागिरीला असते. भाऊबीजेला वडील बहिणीकडे निघाले तेव्हा ही सोबत गेली आणि आदल्या दिवशी, पाडव्याच्या संध्याकाळी, कातळावर उतरली. (नेमका कातळ कुठला ते इथे लिहीत नाही. उगाच गर्दी नको.) दुसरी डिसेंबरात, विभागाच्या सहलीबरोबर. आम्ही साडेअकराला पोहोचलो आणि दोन तास फिरलो. तिसरी जानेवारीत, मैत्रिणीला घेऊन पहिल्या एसटीने. पोहोचेपर्यंत अकरा. चौथी फेब्रुवारीत, आत्याकडे मुक्काम करून पहाटे पाचला टॉर्च घेऊन. प्रत्येक वेळी त्याच कातळावर ओहोटीला डबकी तपासायची, दगड उलटून पाहायचा आणि होता तसा परत ठेवायचा, फोटो काढायचा, वहीत वेळ, आकार, रंग, जागा लिहायची. काहीही उचलून आणायचं नाही.

निकाल उलटा आला. भर दुपारच्या दोन खेपांत सापडले ते जवळजवळ सगळे हिरवे-तपकिरी : एलिसिया नावाच्या पानासारख्या शेंब्या आणि शेवाळाच्या रंगाचे 'समुद्री ससे', म्हणजे शेंब्यांचाच आणखी एक प्रकार. संध्याकाळच्या आणि पहाटेच्या खेपांत मात्र रंगांची बरसात. नारिंगी, पांढऱ्यावर जांभळं, काळं-पांढरं. म्हणजे लपणाऱ्या शेंब्या उन्हात आणि इशारा देणाऱ्या अंधुक उजेडात!

मी खूश झालो, हे कबूल करतो. पुस्तकाविरुद्ध काहीतरी हाती लागलंय, तेही सांगलीच्या एका पोरीच्या वहीत, या विचाराने मला रात्री झोप लागेना. स्पष्टीकरण जुळवायला वेळ लागला नाही. मासे झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघतात, म्हणून इशाराही त्याच वेळी, वगैरे. जे हवं ते सिद्ध करायला आमच्या धंद्यात कारणांचा तुटवडा कधी पडत नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात पोस्टर लावलं : 'इशारारंगाच्या शेंब्या संधिप्रकाशात'. पहिला नंबर आला. पेढे वाटले.

मार्चमध्ये मी स्वतः तिच्याबरोबर गेलो. पोस्टरचा लेख करायचा, म्हणून आणखी चार फोटो हवे होते. अकराच्या सुमारास कातळावर पोहोचलो तर एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन परत निघालेली. कालवं काढणारी. पाटीत फार काही नव्हतं. पोरीने विचारलं, "मावशी, एवढ्यात निघालात?"

"भांग आहे गं. भांगात पाणी जातं कुठे? वरवरचंच मिळायचं. उधाणाला ये, मग खालचा कातळ उघडा पडतो."

ती निघून गेली आणि मी तिथेच खडकावर बसलो.

आपण घाटावरची माणसं. आपल्याला भरती-ओहोटी म्हणजे दिवसातून दोनदा, एवढंच पाठ. किनाऱ्यावर मात्र लहान पोरालाही हिशोब येतो : तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येतील तितके वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, म्हणजे सहा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. हा हिशोब मुंबईकडचा. दक्षिणेला भरती थोडी आधी येते, पण मांडणी तीच. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, उधाणाच्या वेळी, भरती दुपारी आणि मध्यरात्री. ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या वेळी, ओहोटी भर दुपारी. उधाणात पाणी खूप आत जातं, भांगात जेमतेम सरकतं. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र होते, काटकोनात आले की एकमेकांना उणी करते. पण आमच्या प्रकरणात महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे : या किनाऱ्यावर खोल ओहोटी भर दुपारी येतच नाही. बारा महिने, तेरा त्रिकाळ.

आत्याच्या घरी भिंतीवर कालनिर्णय होतं, त्याखाली गेल्या वर्षीचंही. पानं मागे उलटून तिने चारही तारखांसमोर तिथ्या लिहिल्या. पाडवा म्हणजे शुद्ध प्रतिपदा. सहल नवमीची. जानेवारीची खेप वद्य अष्टमीची. फेब्रुवारीची माघी पौर्णिमा. दोन्ही दुपारच्या खेपा भांगाच्या, दोन्ही अंधुक उजेडाच्या खेपा उधाणाच्या. आम्ही घड्याळाची तुलना करतोय असं समजत होतो. प्रत्यक्षात कातळाचा वरचा पट्टा आणि खालचा पट्टा यांची तुलना करत होतो.

सर्वात लागलं ते पुढचं. डिसेंबरच्या पानावर समासात तिने पेन्सिलीने लिहिलं होतं : 'पाणी फार आत गेलं नव्हतं. दिवाळीत बसले होते तो दगड आज पाण्याखाली.' ही वही मी तीनदा तपासून सही केली होती.

एकदा हे दिसल्यावर बाकीचं कोडं आपोआप सुटलं. एलिसिया शेवाळातला रस शोषते आणि त्यातले हिरवे कण अंगात जिवंत ठेवून त्यांच्याकडून उन्हात काम करवून घेते. समुद्री ससे शेवाळ चरतात. शेवाळाची डबकी उन्हाच्या, उथळ, वरच्या पट्ट्यात. भडक शेंब्यांचं खाणं म्हणजे स्पंज. स्पंजाला उन्हात वाळणं परवडत नाही, तो खालच्या पट्ट्यात, कपारींच्या सावलीत. जे जनावर जे खातं तिथेच बसतं. रंगही पुष्कळसा खाण्याशी बांधलेला : शेवाळात राहणारी शेवाळासारखी, विषारी स्पंज खाणारी विष बाळगून भडक. आणि तो पट्टा कधी उघडा पडणार हे चंद्र ठरवतो. म्हणून भडक जनावर दिसायचं ते उधाणाच्या तिन्हीसांजेला. ते तिन्हीसांजेला जागं असतं म्हणून नव्हे, आपण तिथे तेव्हाच पोहोचू शकतो म्हणून.

चूक साध्या खेपा वाढवून सुधारण्यासारखीही नव्हती, हे विद्यार्थ्यांना समजावताना मी मुद्दाम सांगतो. आम्ही चारऐवजी चाळीस वेळा गेलो असतो तरी निकाल तोच आला असता, फक्त आकडे जास्त भारदस्त दिसले असते. खालचा पट्टा दुपारी बारा वाजता कोरडा पाहणं चालत जाणाऱ्या माणसाला शक्यच नाही. पाण्यात बुडी मारणारा पाहू शकेल. आमच्यापैकी कुणाला कृष्णेत पोहण्यापलीकडे काही येत नव्हतं.

दुसरी गफलत शब्दाची होती. वहीच्या रकान्याचं नाव 'सक्रिय वेळ' असं होतं, आणि त्यात आम्ही दिसण्याची वेळ भरत होतो. स्पंजावर गप्प बसलेली शेंबी दिसते, पण ती चालतेय, खातेय, अंडी घालतेय की नुसती पडून आहे? फोटोत हे कळत नाही. आमच्या सगळ्या नोंदी फोटोच्या.

मग एप्रिलमध्ये वेगळं काही केलं. किनाऱ्यालगतच्या एका खानावळीची मागची पडवी तीन दिवस मागून घेतली. उधाणाच्या पहाटे खालच्या पट्ट्यातून मोजकी जनावरं त्यांच्या दगडासकट उचलली, दुपारी वरच्या डबक्यांतून काही, आणि प्लॅस्टिकच्या पसरट टबांत ठेवली. वरून ओलं गोणपाट, चार-चार तासांनी समुद्राचं ताजं पाणी. एप्रिलच्या उकाड्यात हे पाणी आणण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि माझ्या कंबरेला त्याची अजून आठवण आहे. दर दोन तासांनी एक मिनिटभर पाहायचं : हलतेय की नाही, किती सरकली, दगडावर की दगडाखाली. तिसऱ्या दिवशी ज्याचं त्याला परत.

रात्री पाहायचं कसं, हा प्रश्न होता. पांढऱ्या टॉर्चने जनावर बिचकतं. अशा प्राण्यांना लाल उजेड कमी जाणवतो म्हणून लाल टॉर्च वापरायची पद्धत आहे. आत्याकडे दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर होता. त्याचा लाल जिलेटिन कागद काढून टॉर्चला दोन पदरी गुंडाळला.

पहिल्या रात्री साडेनऊ वाजता ती टबावर वाकलेली आणि मी घड्याळ धरून. दिवसभर दगडाखालून हललेली नव्हती ती गुळगुळीत नारिंगी शेंबी, बहुधा बर्थेलिना वंशातली, दगडाच्या कडेवरून हळूच वर आली. पुढची दोन शिंगं चाचपत, अंग लांब करत. शेजारच्या टबातल्या हिरव्या एलिसिया मात्र दुपारी पंख पसरल्यासारख्या पसरलेल्या होत्या, त्या आता कडा मिटून शेवाळावर चिकटून बसलेल्या. पांढऱ्यावर जांभळ्या ठिपक्यांची जी होती ती स्पंजावर तशीच. दुपारी होती तिथून दोन बोटं सरकलेली. ती रात्री सरकली की दिवसा, याच्या नोंदी दोन्हीकडे विखुरलेल्या.

टबातल्या मूठभर जनावरांवरून किनाऱ्याबद्दल विधान करायचं नाही, एवढं आम्ही एव्हाना शिकलो होतो. तरी एक गोष्ट पक्की झाली : 'भडक' हा एक गट नाहीच. नारिंगी शेंबी भडक खरी, पण रात्रीची. तिच्या जातकुळीतल्या शेंब्या डिवचल्यावर कातडीतून आम्ल सोडतात. माशाने तोंडात घेतली तर चवीनेच थुंकावी, मग रंग असो वा नसो. खेकडा तर वासावर आणि स्पर्शावर शिकार करतो, त्याला रंगाची पाटी लावून उपयोग नाही. उलट लक्षद्वीपच्या प्रवाळांत सापडणारी 'स्पॅनिश डान्सर' पाहा : रात्रीची, दिवसा कपारीत कडा गुंडाळून. छेडलं तर कडा उलगडून लाल झगा फडफडवत पोहत सुटते. तिथे रंग कायमची पाटी म्हणून नाही, ऐन वेळी दचकवायला असावा असं वाटतं. मुळात समुद्री शेंब्यांत इशारारंग सिद्ध झालाय का, असा प्रश्नच एडमंड्सने १९९१ साली एका लेखाच्या मथळ्यात विचारला होता. मळकट पण विषारी अशाही शेंब्या आहेत.

त्यानंतर प्रयोग झालेत, आणि त्यातला एक मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियातल्या गोनिओब्रँकस स्प्लेंडिडस या शेंबीला पांढऱ्यावर लाल ठिपके आणि पिवळी किनार असते. २०१७ साली तिथल्या संशोधकांनी ट्रिगर माशांना शिकवून पाहिलं, तर माशांनी ओळखली ती पिवळी किनार. लाल ठिपक्यांकडे, जे माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा भरतात, त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. आपण ज्याला भडक म्हणतो ते माशाला भडक असेलच असं नाही. वहीतला 'रंग' हा रकाना भरताना डोळे आमचे होते आणि ऊन हवेतलं होतं. लाल उजेड पाण्यात पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. खोलात लाल शेंबी काळपट दिसते.

घड्याळाबद्दलही एक. समुद्री सशाचा डोळा काढून खाऱ्या पाण्यात, पूर्ण अंधारात ठेवला तरी त्याच्या नसेतून निघणारे विद्युत्-स्पंद दिवस उजाडायच्या सुमारास वाढतात आणि रात्री कमी होतात, हे जॅकलेटने १९६९ साली दाखवलं. मेंदू नाही, ऊन नाही, नुसता डोळा. म्हणजे या जनावरांचं दिवस-रात्रीचं घड्याळ त्यांच्या अंगात असतं. ते वाचायचं तर जनावराकडे बघावं लागतं. आम्ही एसटीचं वेळापत्रक वाचत होतो.

प्रबंध तिने पुन्हा लिहिला. मथळ्यातून 'संधिप्रकाश' गेला. पहिल्या चार खेपांच्या नोंदी काढून टाकायच्या का, यावर आमचा वाद झाला. मी म्हणत होतो ठेवू नको, परीक्षक गोंधळतील. ती म्हणाली, "सर, त्या नोंदी खोट्या न्हाईत. त्यांचा अर्थ खोटा लावला आपण." ठेवल्या. तिथीच्या नव्या रकान्यासह. पहिल्या नंबराचं प्रमाणपत्र तिने परत करायचं म्हटलं, तेव्हा प्रदर्शनवाल्यांना काय करावं कळेना. ते अजून आमच्या स्टाफरूमच्या कपाटात आहे.

व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, कमी बोलणारे. वहीची पानं एकेक करून उलटत राहिले. टबांच्या नोंदींशी थांबले. दिवसाच्या पानांवर रंगाचा रकाना भरलेला, रात्रीच्या सगळ्या पानांवर कोरा.

"हे राहून गेलं का भरायचं?"

"नाही सर," ती म्हणाली. "लाल टॉर्चमध्ये नारिंगी आणि पांढरी सारखीच दिसते. हिरवी काळी दिसते. रात्री रंग मला दिसलाच नाही."

परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दिवसा पाहिलेला भरता आला असता की. तेच जनावर."

"आला असता. पण रात्री तो कुणाला दिसतो, तेच तर विचारायचं होतं."

त्यांनी पान उलटलं.